एकाला खरं धरून

परतवाड्यात तराजू दुरुस्त करणारे महादेवराव, लेकीचं कॉलेज सोडवून तिला घरी न्यायला तिच्यासह अमरावतीच्या स्टँडवर बसले होते. शेजारच्या बाकावर त्याच बसची वाट पाहणाऱ्या सबीहाबींचे कान त्यांच्याकडेच होते.

“यंदा कापूस नाही, काट्याले काम नाही. पोटाले चिमटा घेऊन शिकवतो तुले, अन् सोमवारी तू शिनिमाच्या लाइनीत! तुह्या भावानं, विपुलनं, सोताच्या डोयानं पाह्यलं.”

“मी लॅबमंदी होती, बाबा.”

“काय करत?”

“काचेच्या तारेतून उजेडावर निरोप येते. यंत्र त्या उजेडाचे दोन हिस्से करते. दोन्ही सारखे, काटकोनात पायजेत. पन एक कमजोर अन् तिरपा निघते. तो सरळ कराचा.”

“कशाच्या मापानं?”

“दुसऱ्याले खरं धरून.”

“अन् तोच खोटा असला तं? आमी पारडे बदलून पाहतो. एकाच पारड्यावर भरोसा नाही ठेवत.”

“घरी तं ठेवता. विपुलले खरं धरता अन् मले सरळ कराले येता. सोमवारी तुमी त्याले परतवाड्यात दुकानावर बसवलं होतं न? मंग त्यानं मले अमरावतीत कसं पाह्यलं?”

परतवाड्याची बस लागली. महादेवराव जागचे हलले नाहीत. सबीहाबीही.

“फोन लाव विपुलले. सोमवारी दुकान कोनं उघडलं होतं, इचारतो.”