मुनीरचे नाव आणि सरकवलेला सेन्सर

जरीनावहिनी, मुनीरच्या मुलींनो, सहकाऱ्यांनो,

आपण एवढ्या उन्हात या शोकसभेला आलात. बोलणे मला अवघड जात आहे. म्हणून आधी घडले ते क्रमाने सांगते.

मंगळवारी सकाळी मुनीर नदाफ, माझा वर्गमित्र आणि आपल्या कारखान्याचा मुख्य अभियंता, हृदयविकाराने गेला. त्याच सायंकाळी त्याचे दफन झाले. शुक्रवारी ठरले, की आम्हा दोघांच्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या दर्शनी पट्टीवर त्याचे नाव कोरायचे. शनिवारी त्याच अ‍ॅम्प्लिफायरच्या आत एक सेन्सर जागचा हलवण्यात आला. जोडणी सोपी व्हावी म्हणून. मला न विचारता.

मुनीरला विचारता येत नव्हते.

हा सेन्सर काय करतो, ते इथे प्रत्येकाला कळले पाहिजे. आवाज मोठा झाला की ट्रान्झिस्टर तापतो. तापला की अधिक प्रवाह ओढतो, आणि अधिकच तापतो. त्याची उष्णता ओळखून त्याला आवर घालतो तो शेंगदाण्याएवढा सेन्सर. म्हणून तो ट्रान्झिस्टरच्या अंगालाच चिकटलेला हवा. लांब, हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्याच्या, कडेला नेला, की त्याला सगळे उशिरा कळते. आवाज ओसरतो, ट्रान्झिस्टर निवतो. हा मात्र अजून तापलेलाच, प्रवाहाचा गळा आवळून बसलेला. मग पुढचा हळुवार स्वर खरखरतो.

गणित माझे, पीएच.डी.वालीचे होते, आणि ते अचूक होते. कान त्याचा होता, आणि तसा कान मी दुसरा पाहिला नाही. आम्ही भांडलो नाही असा दिवस गेला नाही. थंड यंत्रावर मत द्यायचे नाही, हा त्याचा नियम. अक्कलकोट रोडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भर मे महिन्यात, पंखे बंद करून तो आम्हांला ऐकायला बसवायचा. मी चिडायचे. "मुनीर, माणसं वितळतील इथे!"

"वितळू दे की, डॉक्टरीणबाई. सोलापुरातला घेणारा काय फ्रिजमध्ये बसून ऐकणार हाय?"

आधी ढोल-ताशा, कानठळ्या बसतील असा. मग एकदम नुसता तानपुरा. त्या पहिल्या तारेला तो डोळे मिटायचा. खरखर आलीच, तर म्हणायचा, "लई गोड खोटं बोलतंय. उघडा."

काल मी तो बदललेला अ‍ॅम्प्लिफायर तसाच तापवला. ढोल थांबला. तानपुरा लागला. खरखर. मी वळून म्हणाले, "ऐकलंस?"

खुर्ची रिकामी होती.

मंगळवारी मी रडले नाही. दफनाला आलेल्यांची व्यवस्था पाहत होते. काल रडले. आता हे कोणाला सांगायचे? कोणाशी भांडायचे?

सुधीरराव, आपण या कारखान्याचे मालक. काल आपण मला म्हणालात, "मॅडम, एवढं कुणाला ऐकू येतंय?"

मुनीरला येत होते. त्याला जे एक क्षण सहन झाले नसते, त्यावर त्याचेच नाव कोरणार? याला आपण श्रद्धांजली म्हणता? त्याचे नाव न लावता आपण काय विकता, याच्याशी मला कर्तव्य नाही.

आता सर्वांनी उभे राहावे. मुनीरसाठी काही क्षण शांत राहू या.

आणि सुधीरराव, ही शांतता संपल्यावर माझी समजूत घालायला येऊ नका. सेन्सर मूळ जागी बसणार, की नाव उतरणार, एवढेच जरीनावहिनींना कळवा. लेखी. आपल्या सहीनिशी.