‘मला’च्या पुढचं

आई : पाच वेळा! सकाळपासून पाच वेळा म्हणाले हे. आणि तुम्ही आत जाऊन काय म्हणालात? ‘वा, छान!’ अहो बाई, माझा नवरा माझं मनगट धरून म्हणतोय ‘मला बंद करा’, आणि मी काय टाळ्या वाजवू?

थेरपिस्ट : काकू, बसा आधी. मी छान म्हटलं ते शब्दांना. अर्धांगाचा झटका आला त्याला तीन आठवडे झाले. मी बोलणं शिकवायला यायला लागले तेव्हा नुसतं ‘अं अं’ होतं. आता तीन शब्द येतायत, एकापाठोपाठ, स्वच्छ. चालीत येतायत.

आई : चालीत! माणूस ‘सोडवा’ म्हणतोय, आणि ह्यांना चाल ऐकू येते.

मुलगी : आई, हळू. दार उघडं आहे.

आई : असू दे उघडं. ऐकू दे त्यांना. बाकी काय उरलंय त्यांच्याकडे ऐकण्याशिवाय?

मुलगी : ते ‘सोडवा’ म्हणत नाहीयेत गं. किती वेळा सांगू? ते माझ्या व्हिडिओतलं आहे.

थेरपिस्ट : कुठला व्हिडिओ?

मुलगी : कॉलेजातला. आम्हाला रीमिक्सचा प्रयोग दिला होता. घरातल्या एखाद्या माणसाचा आवाज घ्यायचा, कापायचा, जोडायचा, आणि त्या माणसाने आयुष्यात कधीच न म्हटलेलं वाक्य त्याच्या तोंडी घालायचं.

आई : काय एकेक शिकवतात!

मुलगी : बाबा वायरमन. घरभर एकच टकळी, ‘दिवा बंद करा, पंखा बंद करा, नळ बंद करा.’ मग मी त्यातलं ‘बंद करा’ घेतलं. ‘मला’ दुसरीकडून आणलं. मधे बटणांची खटखट टाकली, ताल म्हणून. आणि प्रत्येक बटणावर बाबांचा चेहरा. मला, मला, बंद करा. खट.

थेरपिस्ट : ‘करा’ला आवाज वर जातो?

मुलगी : हो.

थेरपिस्ट : तसाच नेतात ते. बरोबर.

मुलगी : सरांनी वर्गात दोनदा लावला. मग मी इंटरनेटवर टाकला, तर तो पळतच सुटला. लोकांनी त्याची आपापली गाणी केली. कुणी बकरीच्या तोंडी घातला, कुणी बिघडलेल्या फ्रिजच्या. दोन लाख लोकांनी पाहिलाय.

थेरपिस्ट : आणि बाबांना राग नाही आला?

आई : राग? हुरळले नुसते! शिडीवर चढून तेच गुणगुणायचे. कामावरच्या पोरांनी फोनच्या घंटीला लावलं तर ह्यांची कॉलर ताठ. दाढी करताना तेच, जेवताना तेच. मी म्हटलं, अहो, अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. तर म्हणाले, वास्तूचं वायरिंग मीच केलंय, ती माझ्याविरुद्ध जायची नाही.

थेरपिस्ट : मग काकू, उलगडा झाला की. शब्द जुळवून बोलण्याची डोक्यातली वाट बुजली आहे. पण शंभरदा गुणगुणलेलं गाणं त्या वाटेने येत नाही, दुसरीकडून येतं. त्यांना पाणी मागायचं असेल, कूस बदलायची असेल, काहीही असेल, तोंड उघडलं की तेच बाहेर पडतं. अर्थ त्यांच्या मनातला असेलच असं नाही.

आई : असेलच असं नाही. म्हणजे असेलही.

थेरपिस्ट : ...बहुतेक नाही.

आई : ह्या ‘बहुतेक’वर मी रात्र कशी काढायची, ते सांगा. तेव्हा म्हणायचे तेव्हा हसायचे हो. आता डोळ्यांतून पाणी वाहतं.

थेरपिस्ट : झटक्यानंतर पाणी आपोआपही येतं. हसू पण. त्यावरून काही ठरवता येत नाही.

आई : मी विचारलं त्यांना. परवा. दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, खरंच नकोसं झालंय का हो तुम्हाला? मान हलवली. हो म्हणून.

मुलगी : आई! मला का नाही सांगितलंस?

आई : सांगून तू काय करणार होतीस? अजून एक व्हिडिओ? ...नाही गं. तसं नव्हतं म्हणायचं मला. जिभेला हाड नाही माझ्या.

थेरपिस्ट : काकू, ऐका. ती मान पण धरू नका. आज मी त्यांना विचारलं, तुम्ही वायरमन आहात का? हो. तुम्ही स्वयंपाकी आहात का? हो. तुम्ही बाई आहात का? त्यालाही हो.

आई : बाई?

थेरपिस्ट : अगदी ठाम.

आई : अगं बाई... हसू आलं मला. बघा कशी आहे मी. नवरा तिकडे आडवा पडलाय आणि मी फिदीफिदी हसतेय.

थेरपिस्ट : हसा हो. कुणाचं काही जात नाही.

आई : मग बंद कर म्हणावं हिला ते सगळं. उतरव तो व्हिडिओ. जिथे जिथे आहे तिथून काढ.

मुलगी : माझा काढला, ज्या दिवशी ते पहिल्यांदा म्हणाले त्याच दिवशी. बाकीचे माझ्या हातात नाहीत. चाळीस जणांना लिहिलं, माझे बाबा आजारी आहेत, कृपया काढा. तिघांनी काढला. एकाने माझा निरोपच गाण्यात घातला.

आई : मेल्याला हसू कसं येतं!

मुलगी : त्याला कुठे माहीत आहे बाबा कोण ते? मलाही दुसऱ्याच्या बाबांचं काही वाटलं नसतं.

थेरपिस्ट : आणि मी तर उलट सांगणार होते. हे गाणं थांबवू नका.

आई : घ्या! आगीतून फुफाट्यात.

थेरपिस्ट : सध्या तेवढा एकच धागा हाताला लागलाय. तो तोडला तर परत ‘अं अं’वर जायचे. चाल तीच ठेवायची आणि पुढचे शब्द हळूहळू बदलायचे. मला, मला, पाणी द्या. मला, मला, उठून बसवा. आपल्याच आवाजात ऐकलं तर लवकर धरतात काही जण. ए, तुझ्याकडे मूळ रेकॉर्डिंग असतील ना? न कापलेली? त्यातून दे मला चार साधी वाक्यं.

मुलगी : नाहीत.

थेरपिस्ट : म्हणजे?

मुलगी : वर्षभर घेतली होती. खूप होती. फोन भरला, लॅपटॉप भरला, पुढचा प्रयोग सुरू झाला. मी फक्त कापलेले तुकडे ठेवले आणि बाकीचं उडवलं. ‘मला’. ‘बंद’. ‘करा’. एवढेच बाबा आहेत माझ्याकडे.

थेरपिस्ट : फोनवरचे निरोप? लग्नाबिग्नाचं चित्रीकरण?

आई : हे कसले निरोप पाठवतात! नुसता अंगठा पाठवायचे. आणि माझ्या बहिणीच्या लग्नाच्या चित्रीकरणात सगळीकडे पाठमोरे आहेत, दिव्यांच्या माळा लावताना.

मुलगी : मी लोकांचे व्हिडिओ पण शोधले. वाटलं, कुणाकडे तरी एखादा शब्द जास्त असेल. तो फ्रिजवाला, बकरीवाला, सगळे ऐकले. सगळ्यांनी माझ्याकडूनच घेतलं ना. दोन लाख लोकांनी बाबांना ऐकलंय, आणि एकाकडेही त्यांचं पूर्ण वाक्य नाही.

आई : रडू नकोस. तू रडलीस तर मी कुणाकडे बघू?

थेरपिस्ट : बरं, ते ‘मला’ कुठून घेतलंस? तुकडा उचलताना पुढचा एखादा अक्षराचा कण राहतो कधी कधी.

मुलगी : नाही राहिलेला. मी अगदी काठावर कापलं होतं. सर म्हणाले होते, हात सफाईदार आहे तुझा.

थेरपिस्ट : पुढे काय होतं आठवतंय? निदान वाक्य कळलं तर तेच शिकवू. एकदा तोंडात बसलेलं वाक्य पुन्हा लवकर बसेल.

मुलगी : किती डोकं खाजवलं मी तीन आठवडे. आठवत नाही. तेव्हा ऐकलंच नाही मी. मला फक्त ‘मला’ हवं होतं.

आई : मला आठवतंय.

मुलगी : तुला?

आई : मी इथेच वाटाणे सोलत होते. तू त्या कोपऱ्यात, कानाला ती यंत्रं लावून. हे कामावरून आले. हात न धुता तुझ्या मागे येऊन उभे राहिले बराच वेळ. तुझा फोन टेबलावर आवाज टिपत चालूच होता. आणि म्हणाले, ‘मला पण दाखव की गं, काय करतेस ते.’

मुलगी : मग?

आई : मग काय? तू म्हणालीस, बाबा, आत्ता नको, नंतर. ते हात धुवायला गेले.

मुलगी : ...मी नंतर दाखवलं होतं ना? दाखवलंच असेल.

आई : तयार झाल्यावर दाखवलंस. कसं करतात ते नाही. ते विचारायचे मला, हिचा जोड दिसत कसा नाही गं? आम्ही वायर जोडली की चिकटपट्टी दिसते. मी म्हटलं, मला काय विचारता, लेकीला विचारा. तर म्हणाले, ती कामात असते.

मुलगी : आई, पुरे.

आई : तुला टोचायला नाही सांगत गं. तू विचारलंस म्हणून.

थेरपिस्ट : मला दुसऱ्या पेशंटकडे पोचायचंय, निघते मी. पण ‘मला पण दाखव’ हे चांगलं आहे. चालीत बसतं. घाई करू नका, आणि तोंडून नाही आलं तर चेहरा वाकडा करू नका. एक लक्षात ठेवा, उजवी बाजू त्यांच्या ताब्यात नाही. जे काही दिसायचं ते चेहऱ्याच्या डाव्या बाजूलाच दिसेल.

आई : चला, तुम्हाला जिन्यापर्यंत सोडते. पायऱ्या अंधाऱ्या आहेत आमच्या. दिवा गेलाय, आणि लावणारे हे असे.

(पलीकडची खोली. वडील पलंगावर. त्यांच्या उजवीकडे मुलगी लॅपटॉप मांडून बसली आहे. डावीकडे आई येऊन बसते.)

मुलगी : बाबा, हे बघा. दिसतंय? ही लांब पट्टी आहे ना, हा तुमचा आवाज. जिथे डोंगर आहे तिथे बोललात, सपाट आहे तिथे गप्प.

आई : गप्प फार कमी दिसतंय.

मुलगी : आई! ...आता हा तुमचा ‘मला’. ह्याच्या पुढचं मी कापून टाकलं. चुकलंच माझं. तुम्ही म्हणाला होतात, मला पण दाखव. मी दाखवलंच नाही. आता दाखवते. जोड दिसत नाही ना, ते असं करतात. पहिल्याचा शेवट जरा मावळू द्यायचा, आणि तो पूर्ण मावळायच्या आत दुसरा चालू करायचा. बस, एवढंच असतं हो. दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटं पण नाहीत.

आई : म्हण त्यांच्याबरोबर. चालीत म्हण.

मुलगी : मला, मला, पण दाखव. म्हणा बाबा. मला, मला...

वडील : म... मला.

आई : आलं!

मुलगी : थांब, बोलू नकोस. हो बाबा. मला, मला... प...

वडील : मला. मला... प...

मुलगी : पण...

वडील : प... ब... बंद करा.

आई : असू दे हो. असू दे. छान म्हणालात.

मुलगी : आई, त्यांना दाखव म्हणायचं होतं का? ‘प’ आला होता. तू ऐकलास ना ‘प’? की खरंच बंद करा म्हणाले, हा लॅपटॉप? की...

आई : मला काय कळणार गं!

मुलगी : चेहरा कसा झाला म्हणताना? मला इकडून काहीच दिसत नाही, ही बाजू हलत नाही त्यांची. डावी तुझ्याकडे होती. हसले का रडले, एवढं सांग ना.

आई : मी तुझ्याकडे बघत होते.