एका महिन्याची नोटीस

नाय मॅडम, फी कमी करा असं नाय म्हनत मी — तुमची फी बरोबर हाय. त्या टॉवरमदल्या वकिलानं आकडा सांगितला तवा मी खुर्चीतनं उठलेच, म्हटलं सायब, आमी दिवाळे गावात जवळ्याची चटनी करतो, जहाजं नाय बांधत. तो हसला पन नाय. तुमी निदान हसता. आनि करार वाचून दाखवलात, समजला — निम्मा वाटा माजा, निम्मा माज्या सुनंचा, उन्नतीचा, बँकेत दोघींच्या सह्या. तो सुपरमार्केटवाला कागद बघितल्याबिगर आमच्या बाटल्या ठेवनार नाय, म्हनून आलो, नायतर सासू-सुनंत कसला कागद? पन ते नववं कलम — काय ते — भागीदाराला बाहेर पडायचं असंल तर एका महिन्याची नोटीस — ते तेवढं काढा. उन्नती झेरॉक्स घेऊन यायच्या आत काढा.

का म्हंजे? कोन पडनार बाहेर? मी पडनार ती तिरडीवरनंच, मग नोटीस कोनाला देऊ? आनि ती — ती कुठं जाईल? सगळ्या करारात असतं? असंल, बिल्डरांच्या असंल. आमच्या घरात सून सासूला नोटीस देत नाय.

माजा पोरगा प्रीतम गेला, चार वर्सं झाली. साधी कावीळ हो — आनि मानूस जातो? तवा तिचा बाप न्यायला आलेला, रिक्षा दारात उभी. ती म्हनाली, आईंना एकटं टाकून नाय येनार. राहिली. पन कशी, तर वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकत बसायची दिवसभर, बोलनं नाय, जेवन नाय. मग मीच म्हटलं, चल चटनी करू, बाटलीत भरू, तुज्या मोबाईलवर टाक. धंदा म्हनून नाय काढला मॅडम, तिला कामाला लावायला काढला — खोटं कशाला बोलू, माज्यासाठीच काढला. रात्री शेजारच्या खोलीत कोनीतरी कूस बदलतंय, एवढं ऐकू आलं की मला झोप लागते.

आता लेबलं छापून आनतो तो जुईनगरचा केतन. चांगला पोरगा हाय, काकी काकी करतो, माजं काय वाकडं नाय त्याच्याशी. परवा लेबलावरचा पापलेट उलटा छापला त्यानं — पोट वर, मेल्यासारखा — तर उन्नती हसली. मोट्यानं. चार वर्सांनी हसू ऐकलं बाय तिचं, मला काय वाटायला पायजे होतं? बरं वाटायला पायजे होतं ना? मला राग आला. राग! म्हटलं माज्या पोराच्या घरात — जाऊ दे. दुसऱ्या दिवशी तिनं अंबाड्यात वेनी माळली. मी म्हटलं बरी दिसतेस, आनि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

तर तू असं लिही ना बाय — भागीदारानं दुसरं लगीन केलं तर वाटा बंद. येतं लिहिता? … अशी नको बघू माज्याकडं. मला ठाऊक हाय ते कसं दिसतं.

नाय येत? कोर्टात टिकनार नाय? … बरं. बरं झालं. तू लिहिलं असतंस तर मी सही करून मोकळी झाले असते, आनि तिला तोंड कसं दाखवलं असतं?

आनि गेलीच तर — तिचा निम्मा तिला मिळंल ना? नीट लिही ते. उपकार नाय माजे, कष्ट हायत तिचे. आनि नववं कलम राहू दे. फक्त बाय, महिना नको. रिकाम्या घराची सवय एका महिन्यात नाय व्हायची मला. सहा लिही. तिनं विचारलं तर सांग, कायद्यातच तसं हाय…

आलीस? झेरॉक्सला एवढी गर्दी? थांब, वेनी सुटलीय तुजी — इकडं वळ, खोचते. हां. आता बस.

मॅडम, कुठं सही करायची तेवढं दाखवा. आमच्या बाटल्या भरायच्या पडल्यात.