रांगेचं रिंगण

मुंबईत नाट्यगृहाजवळ कुठे जेवायचं, ते मला विचारा! चिकूच्या धंद्यामुळे मुंबई माझ्या पायाखालची, म्हणून आमच्या गंजाड गावच्या तारपा नाचवाल्यांना घेऊन मीच गेलो होतो. कार्यक्रमाला तासच उरलेला, सगळे उपाशी आणि खानावळीपुढे ही लांब रांग. आमच्यातले एकुलते तारपेवाले लहानूकाका, त्यांनी शांतपणे भोपळ्याचा तारपा फुंकला. रांगेतली माणसं भारल्यासारखी हात धरून त्यांच्यामागे फिरू लागली. डोळे मिटले की अजून ते रिंगण हळूहळू फिरताना दिसतं. आम्ही आत जाऊन पोटभर जेवलो.

बाहेर येऊन म्हटलं, “काका, आता तुम्ही बसा जेवायला.”

काकांनी तारपा खाली घेतला, तोच रिंगणाची पुन्हा रांग झाली. तिच्या शेवटाला उभे राहत काका म्हणाले, “शेठ, पुढच्या खेपेला तारपेवाले दोन आणू.”