बाजेवरचा बिबट्या

मंडळी, ऐका. पराक्रम कुठे घडतो – जागेवर, की छापखान्यात? उत्तराची घाई नको. आधी बोरदऱ्याला चला.

तिथल्या शेवंताबाईंच्या विहिरीत बिबट्या पडला. पोहून पोहून थकला. काठावर पुरुषांची सखोल चर्चा चाललेली. बाईंनी घरातली बाज आणली, चारी पायांना दोर बांधले, पाण्यात सोडली आणि दोर झाडाला आवळले. बिबट्या चढून बसला – जावयासारखा! वनखात्याचा पिंजरा येईपर्यंत हलला नाही. आणि बाईंचे यजमान गेनबा? ते घराच्या छपरावर होते. वरून देखरेख करत होते, असे त्यांचे मत.

मग वार्ताहर आले. घरातल्या बाईशी परक्याने बोलायचे नाही, हा तिथला रिवाज. म्हणून त्यांनी गेनबांना विचारले. सांगणारा तोच करणारा, हा तर वृत्तपत्रांचा सनातन सिद्धान्त! सकाळी मथळा आला : ‘गेनबा ढोमसे यांचे धाडस’. बाईंनाही जागा मिळाली हो – ‘पत्नी भयभीत झाली होती.’

शेवंताबाई म्हणाल्या, “ते खरंय. तुम्ही छपरावरनं पडाल, याचं भ्याच वाटत हुतं.”

पंधरवड्याने शेजारच्या गावची जीप दारात उभी. “गेनबाभाऊ, चला. आमच्या विहिरीत बिबट्या बुडतोय.”

“माझी कंबर धरलीया.”

“उचलून नेतो की.”

नेले! बाई मागच्या बाकावर बसल्या, गालात हसत. विहिरीशी गेनबा वाकले, खालून गुरगुर आली, आणि ते जमिनीवरच बसले. जनावराचे नाक तेवढे पाण्यावर उरले होते. गेनबांनी एकदा गर्दीकडे पाहिले, एकदा पाण्याकडे.

“मला न्हाई जमायचं,” ते म्हणाले. “तवाबी हिनंच काढला हुता. मी छपरावर हुतो.”

गर्दी हसून लोटपोट. बाई हसल्या नाहीत. “बाज आणा,” म्हणाल्या. “आन् तुम्ही, धरा हा दोर.” गेनबांनी दोर धरला, तळहात सोलले, पण सोडला नाही. बिबट्या वाचला.

दुसऱ्या दिवशीचा मथळा? ‘गेनबांच्या पत्नीचीही मदत’. गेनबांनी पारावर पेपर उघडला आणि खणखणीत वाचले : “शेवंता ढोमसे यांनी बिबट्या वाचवला. नवऱ्याचीही मदत.”

“असं छापलंय?” एकाने विचारले.

“न्हाई. पण असं घडलंय.”

मंडळी, तुमच्या घरच्या बाईचे नाव पेपरात कधी आले? निधनवार्तेत येईल, तेही तुमच्या नावाखाली. तिला इतके ताटकळत ठेवू नका. आता गजर होऊ द्या – माउलींनो, आज आवाज तुम्ही लावा. मागे आम्ही पुरुष म्हणतो.