गोजराबायचा फेर

पुन्ना तेच! मी सांगत बसू, नि तू त्या मोबाइलमधी भरून ने — एवढंच काम उरलंय का मला या वयात? ठेव तो खाली. फेर शिकवा म्हनं! डोंगरावर नवं देऊळ झालं, पायऱ्या झाल्या, बत्त्या लागल्या, नि फेर कुनाला येत नाय! येनार कुठनं? तो होता माझ्या आयचा, गोजराबायचा. बस खाली. तू उभी राहिलीस का मला मान वर करायला लागते.

तवा कुठली सोसायटी नि कुठलं जुईनगर — सगळं मिठागर होतं इथं, पांढरंफेक, डोळे दुखायचे बघून. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. बापूस आधीच गेलेला, मी नि आय, दोघंच. चैत सरला का अख्खा गाव तुर्भ्यामागच्या डोंगरावर, देवीला आंघोळ घालायला. पान्याचा हंडा दर साली आयच्या डोक्यावर. आनि रीत अशी — जिच्या डोक्यावर हंडा, तिनं देवी न्हाईपर्यंत थेंब तोंडात घ्यायचा नाय, नि पयला फेर तिनंच धरायचा. तिचं प्यायचं पानी माझ्याकडं, सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात. दगड तव्यासारखे तापलेले, करवंदीचे काटे, नि ती पुढं — ‘चल रं, म्हातारा झालास काय?’ मला, तिच्या पोराला! वर गेल्यावर माझाच हात धरायची. डाव्या पायावर जोर, कमरेत वाक, टाळी खाली — अशी. तशी नाय गं, अशी! आई गं… जाऊ दे, गुडघा.

तर त्या साली तुझा आजा अर्ध्या डोंगरात बसला. एवढा पैलवान गडी, नि ‘गोजराकाकी, पानी दे, मरतो मी.’ हंड्यातलं कसं देनार? ते देवीचं. आय मला म्हनली, तुंबा दे त्याला. मी म्हनलं, मग तू काय पिशील? तर म्हनली, वर बघू. आनि यानं रिकामा केला ना! घोटभर नाय ठेवलं. वर देवी न्हाली, ढोलकी सुरू झाली — सुरू झाली का थांबवत नाय — मी पानी मागत फिरतोय, तवर आयनं फेर धरला बी. दोन पावलं टाकली नि झोकांडी गेली, आडवी. तुझा आजा — पोटात आमचंच पानी — हसून म्हनतो, ‘काकी ताडी टाकून आली वाटतं!’ सगळा गाव हसला. मी रिकामा तुंबा दाखवला, ओरडलो. तर म्हनतो, ‘याच्यातच होती!’

पुढल्या साली हंडा तुमच्या घरात गेला, तुझ्या पनजीच्या डोक्यावर. तिला फेर काय जमला नाय, मोडला तो. माझी आय परत डोंगर चढली नाय. पन त्या दिवशी, गाव वर गेला का, मला मिठागरात न्यायची, मीठ पिकवायच्या सुकलेल्या कोंडीत. डोंगराकडं तोंड करून आमी दोघंच फेर धरायचो. ढोलकी नाय, कोन बघायला नाय. पायाखाली मीठ करकरायचं. दर साली. शेवटी अंथरुनात होती, मी चमच्यानं पानी घालायला गेलो, तर म्हनली, ‘आधी लोकांना वास दे त्याचा.’

… हे तुला सांगायचं नव्हतं. बंद हाय ना तो मोबाइल?

काय? आजा अंथरुनात हाय? ठाऊक हाय मला. पाय गेले, जीभ हाय ना! खुर्चीत घालून न्या वर, पायऱ्या काय शोभेला बांधल्या? ढोलकी वाजायच्या आधी त्यानं सगळ्यांसमोर बोलायचं — तुंब्यात पानी होतं, नि ते मी प्यालो. मग बघ, गुडघा गेला खड्ड्यात, मी फेर धरतो, तुमाला सगळ्यांना शिकवतो. पन लवकर म्हनावं. तो बी चाललाय, मी बी चाललोय.

मला द्यायला आनलीस ती शाल उचल, नारळ बी ने. तुमच्या देवळाच्या कमिटीशी माझं काय भांडन नाय. चल, ऊठ, चपला घाल. माफी राहिलीय ती तुझ्या आज्याची. त्या धर्मराज नामा पाटलाची.