सहाशे किलोमीटर, सव्वा तास

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले विमानतळाचे मोठे साहेब, आजच्या सत्कारमूर्ती चौकशीच्या बाई, त्यांचे सहकारी आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

मी शिंपी. माझा आणि विमानतळाचा संबंध काय, असं तुम्हाला वाटलं असेल. संबंध फोनचा. बाईंनी सगळी नोकरी चौकशीच्या फोनवर काढली आणि मी एक दिवस त्यांच्या डोक्याला ताप दिला, एवढंच!

आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. ती लांबच्या शहरात, आमची ही आधीच तिच्याकडे गेलेली. मी बसनं निवांत जाणार होतो. तर सकाळीच जावयांचा फोन, "बाबा, डॉक्टर संध्याकाळीच ऑपरेशन करू म्हणतात. ही घाबरलीय, सारखं तुमचं नाव घेतेय." बस पोहोचणार दुसऱ्या दिवशी. राहिलं विमान. आणि मला तर शिडीवर चढलं तरी घेरी येते!

मी चौकशीला फोन लावला. "बाई, अंतर किती?"

"हवेतून सहाशे किलोमीटर, काका."

"रस्त्यानं तर नऊशे आहे. मधले तीनशे गेले कुठे?"

"घाट, वळणं, सगळं खालीच राहतं हो. सव्वा तासात पोहोचाल."

मी फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "काका, अंतर विचारताय की भीती वाटतेय?"

मी शिडीवरच्या घेरीचं सांगून टाकलं.

"निघा घरून. मी दारात उभी राहते."

आणि खरंच उभ्या होत्या! तिकीट काढायला मदत केली. तपासणीत माझ्या खिशातून कात्री निघाली, तिथेही त्यांनीच सांभाळून घेतलं.

विमान उडालं, मी डोळे घट्ट मिटले. पण त्या शहरावर ढग दाटलेले, म्हणून विमान वरच घिरट्या घालायला लागलं. सव्वा तास उलटून गेला आणि माझं डोकं फिरलं. पट्टा बांधलेला तसाच मी हवाई सुंदरीवर ओरडलो, "मला सव्वा तास सांगितलाय! लेक वाट बघतेय खाली!" त्या भांडणात भीती कुठे पळाली, कोण जाणे. खिडकीला नाक लावून मीच उतरायला जागा शोधत होतो, बोला!

लेकीला आत नेण्याआधी मी पोहोचलो. "बाबा, तुम्ही? विमानानं?" म्हणाली, आणि खुदकन हसली. नात झाली. बाईंना कळवलं, तर म्हणतात कशा, "अभिनंदन आजोबा! विमानाच्या उशिराची तक्रार लिहून घेऊ का?"

परवा याच बाईंनी मला इथलं आमंत्रण द्यायला फोन केला. निवृत्तीनंतर मुलाकडे जाणार, विमानानं. मग जरा घुटमळल्या. "काका, वर गेल्यावर कानात काय होतं हो?"

मंडळी, साऱ्या गावाला अंतरं सांगणाऱ्या या बाई एकदाही विमानात बसलेल्या नाहीत!

मी म्हटलं, "सोबत येऊ का?" पलीकडून इतक्या मोठ्यानं 'हो' आलं की आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. रविवारी आम्ही तिघं निघतोय. खिडकी बाईंची.

मला बोलू दिलंत, मनापासून आभार. बोलण्यात कुठे उसवलं असेल, तर आपलं माणूस समजून पोटात घाला.